तिसरी थाप

ऐकून हसू नका, कारण पहिल्या दिवशी वृषालीही हसलीच होती. भूमपासून दोन कोसांवरच्या वाडीत तिचं घर. ती शिकवते त्या बालवाडीला मे महिन्याची सुट्टी लागलेली, आणि भर उन्हात ती स्टँडवरून एक खोकं कडेवर घेऊन आली. पुण्याला नोकरीला असलेल्या भावानं, प्रेमनं, आपला जुना गेम एसटीच्या पार्सलनं धाडला होता. टीव्हीला जोडायचा डबा, दोन हातांत धरायचा रिमोट आणि कुस्तीचा खेळ. दोऱ्यांच्या रिंगणात दांडगे गोरे गडी एकमेकांना आपटतात, खुर्च्या हाणतात, तसला.

हे सगळं आप्पांसाठी. आप्पा म्हणजे तिचे वडील, शिवप्पा पैलवान, वय अडुसष्ट. फेब्रुवारीत लकवा मारला, डावी बाजू गेली, जीभ जड झाली. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले होते, काहीही करून बोटं हलवायला लावा, तीन महिन्यांत जे परत येईल तेवढंच येईल. दोन महिने उलटून गेले तरी डावा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. दाबायला रबरी चेंडू दिला तर आप्पा तो उजव्या हातानं भिंतीवर फेकायचे. उभ्या जन्मात ज्याची पाठ मातीला लागली नाही, तो माणूस चेंडू दाबत बसणार होय.

त्या खेळात आपल्याला हवा तसा पैलवान बनवता येतो. उंची, वजन, नाक, कान, सगळं आपल्या मनाचं. वृषालीनं भिंतीवरच्या फोटोवरून तरुणपणचे आप्पा बनवले, तसे आप्पांचे डोळे लकाकले. जड जिभेनं ते म्हणाले, "समोर सिदू कर."

सिदू म्हणजे शेजारच्या वाशी तालुक्यातला पैलवान. चाळीसेक वर्षांमागं जत्रेत दोघांची कुस्ती पाऊण तास चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. सिदूला ते पटलं नाही. त्यानं तिथंच आप्पांपुढं हात केला, की पुढच्या जत्रेत निकाली कुस्ती. निकाली म्हणजे वेळेचं बंधन नाही, बरोबरी नाही, एकाची पाठ टेकेस्तोवर लढायचं. आप्पांनी हातात हात दिला. पण जत्रा पंधरा दिवसांवर असताना विहिरीचा गाळ काढायला सिदू उतरला, वरून दरड ढासळली आणि तो मातीखाली गेला. ती कुस्ती राहिली ती राहिलीच.

मोडलेले कान, आखूड मान, चिरलेली भुवई, आप्पा सांगत गेले आणि वृषाली बनवत गेली. जोड तयार झाली तेव्हा आप्पांनी एकच अट घातली, की घड्याळ लावायचं. दहा मिनिटं झाली की कुस्ती सुटली पाहिजे. घड्याळ काढायचं न्हाय, असं त्यांनी दोनदा बजावलं. बापाला दम लागतो म्हणून असेल, असं तिला वाटलं.

आता या खेळात डाव्या अंगठ्यानं गडी चालवायचा असतो. आप्पांचा अंगठा मेलेला, त्यामुळं त्यांचा गडी रिंगणात नुसता उभा. समोरचा गडी मशीन चालवतं, आणि मशीनला कुठली आलीय दयामाया? ते येऊन हाणतंच. पण सिदूनं हाणलं नाही. तो वाकला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, मूठ भरली आणि आप्पांच्या गड्याच्या छातीवर उधळली. घामानं पकड निसटू नये म्हणून तालमीत एकमेकांवर माती टाकतात, अगदी तशी. मग तो बाजूला उभा राहून वाट बघत राहिला.

दिवाणावर बसलेल्या आप्पांनी उजव्या हातानं आपली छाती झटकली. आणि त्यांचा डावा अंगठा हलला.

आई, मथुराबाई, तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. वृषालीनं प्रेमला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, माती टाकायची हालचालच त्या गेममध्ये नाही, तू भलतंच कायतरी बघितलं असशील. अंगठा हलल्याच्या आनंदात तिनं ते मनावर घेतलं नाही.

मग रोज दुपारी एक कुस्ती. दहा मिनिटांनी घंटा व्हायची, बरोबरी लागायची. घंटा झाली की सिदू काचेकडं तोंड करून हात पुढं करायचा आणि टीव्ही बंद करेपर्यंत तसाच उभा राहायचा. अंगठ्यामागून बोटं आली, बोटांमागून मनगट. खोलीत तालमीतल्या लाल मातीचा वास यायला लागला, तेल, हळद आणि ताक घालून मळलेल्या मातीचा. आई म्हणाली, मालिशच्या तेलाचा असंल. तेलात ताक कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही.

मनगटाशी येऊन मात्र गाडी अडली. आठ दिवस गेले, कोपर हलेना. तीन महिने भरायला पाच दिवस उरले, तसा वृषालीच्या जिवाला घोर लागला. नुसत्या बरोबरीनं मनगट येतंय, तर जिंकल्यावर खांदा का येणार नाही, हेच तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

बाजाराच्या दिवशी आई भूमला गेली. वृषालीनं आप्पांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ काढून टाकलं. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

दहा मिनिटं झाली, घंटा झाली नाही. पंधरा झाली. आप्पांच्या कानशिलावरून घाम वाहायला लागला.

"वृषे... घड्याळ?"

"काढलं, आप्पा. आज तुम्ही जिंका."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. लकवा मारला त्या दिवशीसुद्धा तिनं बापाच्या डोळ्यांत अशी भीती बघितली नव्हती.

"लई वंगाळ केलंस गं... म्या हात दिलाय त्याला..."

पडद्यावर सिदूनं शड्डू ठोकला. मांडीवरच्या थापेचा तो आवाज टीव्हीतून आला नाही, दिवाणाखालून आला. वृषालीनं खेळ थांबवायचं बटण दाबलं, खेळ थांबला नाही. तिनं वायरच उपसली. पडदा काळा झाला, तरी आप्पांचा अंगठा फिरतच होता. मग त्यांचा डावा हात खांद्यापासून वर उठला, शिरा तटतटलेला, हवेत कुणाची तरी मान कवटाळल्यासारखा. याच हातासाठी तिनं देव पाण्यात ठेवले होते, आणि आता तो खाली यावा म्हणून ती रडत होती.

तक्क्या घसरला. आप्पा इंचाइंचानं मागं झुकत गेले आणि त्यांची पाठ गादीला लागली. दिवाणाच्या फळीवर खालून थाप पडली. त्या खेळात पाठ टेकलेल्या गड्याशेजारी पंच जमिनीवर तीन थापा मारतो, आणि तिसरीला कुस्ती संपते.

दुसरी थाप पडली.

तिनं दोन्ही हात आप्पांच्या पाठीखाली खुपसले आणि जीव खाऊन पाठ उचलून धरली. लकव्यानंतर आप्पा पन्नास किलोसुद्धा उरले नव्हते. तिच्या हातांवर दोन गड्यांचं वजन होतं.

पाचच्या गाडीनं आई आली, तोवर ती तशीच होती. दोघींनी मिळून आप्पांना उठवून बसवलं. त्यानंतर आप्पा एवढंच म्हणाले, "पाठ टेकू देऊ नका." गेम परत पुण्याला गेला. आप्पा आता डाव्या हातानं चहाचा कप धरतात, आणि झोपतात ते बसून, आईच्या लुगड्यानं खिडकीच्या गजाला बांधून. मायलेकी आळीपाळीनं जाग्या राहतात.

काल वृषाली त्यांना धाराशिवला दाखवायला घेऊन गेली. हात बघून डॉक्टर हरखून गेले. पण डोक्यात अजून गाठ असल्याचा त्यांना संशय आहे, स्कॅन केल्याशिवाय औषध बदलता येत नाही, आणि दुसरा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही. सोमवारची तारीख मिळाली. अर्धा तास मशीनमध्ये उताणं, पट्टे बांधून. आत नातेवाइकांना सोडत नाहीत.

"डॉक्टर... उताणं न झोपवता न्हाय का जमत?"

डॉक्टर हसले. पैलवानाला उताणं पडायची लाज वाटते काय, म्हणाले, आणि कागद सहीला पुढं केला. आप्पा खुर्चीत ताठ बसून होते. वृषालीनं पेन धरलं, तेव्हा डॉक्टरांची नजर तिच्या हातांवर गेली. शेतातून थेट आलात वाटतं, त्यांनी सहज विचारलं.

स्टँडवरच्या नळावर तिनं चांगला साबण लावून हात धुतले होते. तिनं खाली बघितलं. दोन्ही पंजांच्या मागच्या अंगाला, आप्पांच्या पाठीखाली हात घातल्यावर गादीला टेकते त्या बाजूला, ओली लाल माती लागली होती. वाडीतली सगळी जमीन काळी आहे.