दुसऱ्या दिवसाचं तिकीट

"काल होतात का तुम्ही?" एवढंच त्या माणसाने विचारलं होतं. रांगेत तिच्या पुढे उभा होता, वेळ जाता जात नव्हता, म्हणून सहज मागे वळून विचारलं. आपण मोहोळावर दगड मारतोय हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

"नव्हते," ती म्हणाली. "आणि का नव्हते ते ऐकायचंय? आहे वेळ?"

वेळ होता. पोस्टरचं टेबल तीनला उघडणार होतं आणि आत्ता कुठे दोन वाजत होते. सभागृहाच्या भिंतीला चिकटून दीडशे माणसं उन्हात उभी होती, आणि त्या सगळ्यांत जास्त तापलेली हीच होती. सकाळी चष्म्याच्या दुकानात तिने एका आजोबांच्या नाकावर भलत्याच माणसाचा चष्मा ठेवला होता. "अंधुक दिसतंय गं," ते म्हणाले, तर "होईल सवय," म्हणून त्यांना वाटेलाही लावत होती. दुकान आत्याचं. आत्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू घरी जा बाई. आज माझी गिऱ्हाइकं आंधळी करशील."

घरी कुठली जातेय! ती इथे आली, पाठीला पोस्टरची पुठ्ठ्याची नळी लटकवून.

‘गंजका पत्रा’ या बँडचे ओळीने तीन दिवस तीन कार्यक्रम होते, आणि तीन दिवसांत एकही गाणं दुसऱ्यांदा वाजणार नव्हतं. त्यांची ती जुनी रीत. कुठल्या दिवशी काय वाजणार हे ते कुणाला सांगत नसत. प्रत्येक दिवसाचं पोस्टर मात्र वेगळं, आणि ते त्याच दिवशी विकायचं. महिन्यापूर्वी तिन्ही पोस्टरांची चित्रं जाहीर झाली, आणि चाहत्यांच्या ग्रुपवर जो तो त्यांत खुणा शोधायला लागला. पहिल्यावर कंदील होता, दुसऱ्यावर एकच बूट आणि तिसऱ्यावर जिना.

"आमच्या ग्रुपवर एक दीडशहाणा आहे," ती सांगू लागली. "‘कवळी’ म्हणवतो स्वतःला. दातांच्या कवळ्या बनवतो म्हणे. त्याने त्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. सात! म्हणजे ‘सातवी पायरी’ तिसऱ्या दिवशीच वाजणार, काळ्या दगडावरची रेघ, म्हणाला. माझ्याकडे दुसऱ्या दिवसाचं तिकीट होतं. पुढून सहावी रांग! त्याच्याकडे तिसऱ्या दिवसाचं. मी मूर्खासारखी त्याला लिहिलं, बदलता का? त्याने बदललं. आणि काल… काल दुसऱ्याच दिवशी वाजलं ते! लोकांनी ग्रुपवर नाचत नाचत लिहिलं, आणि मी दुकानात बसून वाचलं."

पुढच्या माणसाचे कान लाल होत गेले.

"अकरा वर्षांत स्टेजवर दोनदा वाजवलंय त्यांनी ते," ती म्हणाली. आता तिचा आवाज जरा चिरकला, आणि त्याचाही तिला राग आला. "मी पंधरा वर्षांची होते. आमच्या घरात रोज संध्याकाळी आई-बाबांचं वाजायचं. मी जिन्यात जाऊन बसायची आणि कानात हेच गाणं लावायची. एकटी. वर्षभर. मला ते एकदा, फक्त एकदा, चार हजार माणसांत बसून ऐकायचं होतं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलंही होतं. वाचलं असेल त्या कवळीने! समोर आला ना, तर त्याचीच बत्तीशी त्याच्या हातात देईन."

माणसाने घसा खाकरला.

"सात पायऱ्या होत्या हो पण…" तो हळूच म्हणाला. "मी तीनदा मोजल्या."

ती बघतच राहिली. मग अहो-जाहो कुठल्या कुठे उडून गेलं.

"तू? तू कवळी?"

"हो. आणि तुम्ही… ग्रुपवरच्या ‘भिंग’ ना?" तो ओशाळून हसला. "मला वाटलं, भिंग म्हणजे कुणीतरी पोक्त बाई असतील…"

"दात विचकू नकोस!"

पुठ्ठ्याची नळी त्याच्या खांद्यावर बसली. लागलं काही नाही, पण आवाज असा आला की अख्खी रांग वळली.

"मला कालच लिहायचं होतं," तो खांदा चोळत म्हणाला. "आठ वेळा लिहिलं आणि पुसलं. हे घ्या. कालचं पोस्टर. तुमच्यासाठी घेतलंय."

गुंडाळलेल्या कागदाला अजून शाईचा वास होता. तिने तो उलगडला. बूट! बुटाखाली बारीकशी दगडी कड होती. गाण्यातला माणूस शेवटी पायरीवर बूट काढून ठेवून निघून जातो, हे कुठल्याही शेंबड्या पोराला आठवलं असतं.

"हा बूट त्याच पायरीवर आहे!" ती ओरडली. "ढळढळीत दिसतंय!"

"चष्म्याच्या दुकानात तुम्ही बसता," तो म्हणाला. "तुम्हाला तरी कुठे दिसलं?"

तिने नळी पुन्हा उगारली. मागच्या छत्रीवाल्या बाई पुढे झाल्या. "अगं, मारतेस काय त्याला! त्याला तर खात्री होती ना, गाणं तिसऱ्या दिवशी म्हणून? मग तेच तिकीट त्याने तुला दिलं. स्वतःचं मन मारूनच दिलं ना?"

नळी हवेतच थांबली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, आणि ते गिळणं रागापेक्षा अवघड होतं.

"का दिलंस?" तिने विचारलं.

"तुम्ही जिन्याचं लिहिलं होतं… ते वाचून." तो बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होता. "म्हटलं, माझ्यापेक्षा यांना हवंय ते."

तिने मोठा श्वास घेतला. झालं ते झालं. निदान शिळं तरी पदरात पाडून घ्यावं.

"बरं, सांग मग. सगळं सांग. सुरुवात गिटारने केली की नुसत्या आवाजाने? लोक बरोबर गायले का? शेवटच्या कडव्याला गायक थांबतो, तिथे किती थांबला?"

तो पुन्हा फरशी खरवडू लागला.

"सांग ना!"

"…माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"पहिला सूर वाजला आणि मला कळलं. मी उठलो आणि बाहेर गेलो. पाणी प्यायच्या नळापाशी उभा राहिलो, संपेपर्यंत. नळ सोडून ठेवला, म्हणजे ऐकू येणार नाही. तुमच्या खुर्चीत बसून मी ते ऐकायचं… नाही जमलं."

छत्रीवाल्या बाईंनी "अगं बाई!" म्हणून छातीवर हात ठेवला. तिचा मात्र आता स्फोटच झाला.

"अरे, मग ऐकलं कुणी ते? मी नाही, तू नाही! सहाव्या रांगेतली खुर्ची रिकामी! निदान तू तरी ऐकायचंस ना, मुर्खा! तेलही गेलं, तूपही गेलं! असला चांगुलपणा काय जाळायचाय?"

टेबल उघडलं. दोघांनी जिन्याचं एकेक पोस्टर घेतलं, एकमेकांकडे न बघता. तिकीट फक्त तिच्याकडे होतं. पाच वाजता ती दाराशी गेली. "छान होऊ दे तुमचा कार्यक्रम," तो मागून म्हणाला. तिने वळूनही पाहिलं नाही.

आत चार हजार माणसं होती. पहिल्याच गाण्याला सगळे उभे राहिले, तीही राहिली. ढोल छातीत वाजत होता आणि शेजारची मुलगी अनोळखी असून तिच्या गळ्यात पडत होती. तिच्या मनात मात्र वेगळीच जुळवाजुळव चालली होती. नळ सोडून ठेवला म्हणे! असं कुणी करतं? बाहेर गेल्यावर आधी हे विचारायचं, मग ते विचारायचं, आणि आठ वेळा लिहून पुसलं ते काय होतं, तेही विचारायचं. तिसरं गाणं संपलं तेव्हा कुठलं होतं हे तिला सांगता आलं नसतं. सातव्या गाण्याला ती रांगेतल्या गुडघ्यांना धक्के मारत बाहेर पडली.

तो गेला असेल तर? या विचाराने तिचे पाय भरभर पडू लागले.

गेला नव्हता. सायकलींच्या स्टँडपाशी कठड्याला टेकून उभा होता, भिंतीतून झिरपणारं गाणं ऐकत. तिला पाहून एकदम सरळ झाला.

"काय झालं? बरं नाही वाटत का?"

"तू माझे दोन्ही दिवस नासवलेस!" ती त्याच्यासमोर येऊन ओरडली. धाप लागली होती, डोळे भरले होते. "काल गाणं घालवलंस. आणि आज… आज चार हजार माणसांत मी उभी होते, आणि एकटीच होते! का? तर तू बाहेर होतास म्हणून! हा काय प्रकार आहे? दुपारी दोनला भेटलेला माणूस तू! कोण लागतोस तू माझा?"

तो बघत राहिला. तिच्या तोंडून काय निघालं हे त्याच्या आधी तिलाच कळलं, आणि तिचे कान तापले. पण शब्द मागे घ्यायचं तिच्या मनात आलं नाही.

"रडू नकोस," तो म्हणाला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याचं ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. "पुढच्या महिन्यात त्यांचे दोन कार्यक्रम आहेत, पलीकडच्या गावी. जाऊ या?"

"कुठल्या दिवशी वाजवतील?"

"मी सांगणार नाही," तो घाईघाईने म्हणाला. "माझी सांगायची लायकी नाही."

"मग दोन्ही दिवसांची काढ," तिने नाक पुसत फर्मावलं. "शेजारच्या खुर्च्या. आणि गाणं सुरू झाल्यावर उठलास ना… तर बघ."