पुढे चालणारा आवाज

“तुम्हाला मरायचंय तर मरा काकी! अख्ख्या गावाला कशाला सोबत नेता?” नंदू दारातूनच ओरडला.

“ओरडू नकोस. चहा घे,” द्वारकाकाकी म्हणाली.

नंदू पाथरवाडीच्या सज्जता केंद्राचा प्रमुख. प्रमुख कसला, केंद्रात तो एकटाच. गावावर जो डोंगर आहे ना, त्याच्या पोटात काचेच्या तारा पुरल्यात. डोंगर आतून जरा हलला की तारेतला उजेड बदलतो आणि केंद्राला कळतं, दरड येतेय. पण कळून उपयोग काय? भोंगा वाजला की लोक कूस बदलून झोपायचे. रोजच्या आवाजाला मेंदू सरावतो. आपल्या माणसाच्या आवाजाला मात्र सरावत नाही, झोपेतसुद्धा.

म्हणून हाकयंत्र आलं. फोनमधल्या जुन्या निरोपांवरून ते माणसाचा आवाज शिकतं आणि ज्याच्या हाकेला तुम्ही उठाल, त्याच्याच आवाजात हाक मारतं. कुणाला आई, कुणाला दुबईतला भाऊ. काकीला तिचा नवरा, भिकाजी. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

सरकारनं वर अट घातली. गाव रिकामं करायच्या सरावाला एक जरी घर मागे राहिलं तर केंद्राचा निधी बंद. निधी बंद म्हणजे तारा बंद, डोंगर मुका. मागच्या सरावाला एकच घर मागे राहिलं. काकीचं! आता शेवटची संधी होती, म्हणून हाकयंत्र बनवणाऱ्या डॉ. शाल्मली देवस्थळी स्वतः नंदूसोबत आल्या होत्या.

“काकी, हाक ऐकू येत नाही का?” शाल्मलीबाईंनी विचारलं.

“येते की. चांगली येते.”

“मग निघत का नाही?”

काकी ओट्यावरच्या स्पीकरकडे बघत राहिली. “निघाले की ते बोलायचे थांबतात.”

नंदूचा चहा हातातच राहिला. यंत्र तसंच बनवलं होतं, माणूस बाहेर पडलं की गप्प.

“आणि तुमचं यंत्र म्हणतं, ‘द्वारके, बाहेर ये.’ असं ते कधी म्हणाले नाहीत हो! चपला घालून अंगणात जायचे, खाकरायचे आणि चालू लागायचे. बाजार असो, दवाखाना असो. मी मागून. वळून बघायचे नाहीत कधी. पण मी मागे पडले की चाल कमी करायचे.”

शाल्मलीबाईंनी त्याच दिवशी स्पीकर काढला. नवे स्पीकर लावले ते घरापासून पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेपर्यंत, रस्त्याच्या खांबांवर.

सरावाच्या दिवशी अंगणात कुणीतरी खाकरलं. मग चपलांचा आवाज, एका खांबावरून पुढच्या खांबावर. काकी छत्री घेऊन निघाली. चढावर तिला दम लागला, तसा चपलांचा आवाजही हळू झाला. शाळेच्या पायरीवर नंदूनं तिला मिठीच मारली. “पास झालो काकी! पास!”

“ते कुठे गेले?” काकीनं विचारलं.

दोन महिन्यांनी शाल्मलीबाई परत आल्या तेव्हा काकी केंद्राच्या बाकावर बसली होती. वेणी घातलेली, पायात चपला, मांडीवर छत्री.

“रोज येते,” नंदू हळूच म्हणाला. “विचारते, सराव कधी? मी म्हटलं, अजून वेळ आहे. तर म्हणाली, मग खरी दरड तरी?”

“तिच्यासाठीचा तो आवाज बंद कर,” बाई म्हणाल्या.

“बंद केला तर ती निघणार नाही. केंद्र जाईल. आणि दरड आली तर तीही जाईल. सांगा ना, काय करू?”

 बाई काकीशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. “काकी, तो आवाज भिकाजीकाकांचा नाही. मी बनवलाय तो.”

“माहीत आहे हो. मी काय खुळी आहे? पण चाल त्यांचीच आहे.”

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी खाकरलं. बाईंनी नंदूकडे पाहिलं. नंदूनं नकारार्थी मान हलवली. यंत्र बंदच होतं. येणारा-जाणारा कुणीतरी असेल; चपलांचा आवाज खाली नदीकडे उतरत होता.

काकी उठली. छत्री काखेत मारली.

“काकी, थांबा!”

“हात सोडा बाई. ते पुढे गेले. मला निघायलाच हवं आता.”