आडोशाचे अकरा किलोमीटर

"मॅडम, अकरा किलोमीटर झाले. आता तरी पुढं येणार का?"

रसिका इतकी दचकली की तिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागता लागता राहिलं.

चेवेल्ल्याहून हैदराबादकडे परत येताना नोव्हेंबरचा वारा थेट तोंडावर येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी म्हातारे वड, त्यांच्या पारंब्यांतून गाळून येणारं सकाळचं ऊन, सगळं सुंदर... पण वारा मेला थांबत नाही. दमलेल्या रसिकाला समोर एक सायकलस्वार दिसला आणि ती गुपचूप त्याच्या मागे लागली. पुढचा वारा कापतो, मागच्याची चौथा हिस्सा ताकद वाचते. हे तिने वाचलंही होतं आणि मोजूनही पाहिलं होतं. फक्त अशा वेळी "मागे आहे" असं सांगायचं असतं, आणि थोड्या वेळाने पुढे येऊन आपणही वारा खायचा असतो. न सांगता आडोसा घेणं ही सायकलवाल्यांत चोरीच.

"सॉरी," ती ओशाळून पुढे आली. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा श्वास. रेल्वेचं इंजिन पाठी लागल्यासारखं वाटायलं होतं."

"मग आधी का नाही बोललात?" आणि मग तिच्या लक्षात आलं... "तुम्ही मराठी?"

"हौ. तुम्ही खड्ड्याला शिवी दिली ना, तेव्हाच कळलं. म्हटलं, ऐकू अजून जरा."

"शिवी नव्हती ती! 'मेल्या' म्हणाले फक्त."

"खड्ड्याला मेल्या?" तो हसला. "लै सभ्य शिवी आहे."

मोईनाबादच्या टपरीवर चहा पिताना बाकीचं कळलं. तो कुलदीप. गौलीगुड्यात शेतीच्या पंपांचं घरचं दुकान. चार पिढ्या हैदराबादी. मराठी बोलायला पक्की, पण वाचायला दिली की घाम फुटतो. ती रसिका. पुण्याची, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. इथल्या एका औषध कंपनीत वजनकाटे आणि तापमापकं बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायचं काम.

"म्हणजे मोजणाऱ्या वस्तूंना मोजायचं," कुलदीप म्हणाला.

वर्षभर ती आपलं काम लोकांना समजावून सांगत होती. इतकं थोडक्यात तिला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

मोजायची तिला सवयच होती. विद्यानगरच्या खोलीत राहायला आल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी तिने आपण किती शब्द बोलतो तेही मोजलं होतं. सात. "भैया, एक प्लेट इडली, चटनी ज्यादा. बस." आईचा फोन त्या दिवशी लागला नव्हता. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. ते कोणाचे, हे वर्षभरात कळलं नव्हतं. ऑफिसातली माणसं चांगली होती, पण शनिवारी संध्याकाळी ती आपापल्या घरी जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. मधले छत्तीस तास रसिकाचे एकटीचे. म्हणून तर सायकल घेतली. एकटीने खोलीत बसलं की एकटेपणा असतो. एकटीने शंभर किलोमीटर केले की त्याला लोक छंद म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी तो मेहदीपट्टणमच्या पुलाखाली उभा होता. काही ठरलेलं नव्हतं.

"योगायोग?" तिने विचारलं.

"कायकू योगायोग? पाऊण तास उभा आहे मी."

मग रविवार त्यांचे झाले. भल्यामोठ्या एकाच खडकावर बसलेला भोंगीरचा किल्ला, मेदकचं उंच दगडी चर्च, नरसापूरचं जंगल, पडक्या कमानींखाली भाजीबाजार भरवणारी छोटी गावं. तीन-तीन किलोमीटरच्या पाळ्या. पुढच्याने वारा कापायचा, हाताने खड्डे दाखवायचे आणि मागे वळून पाहायचं नाही. मान वळली की हँडल वळतं. मागच्याने नुसतं मागे असायचं.

त्यामुळे झालं असं की रसिकाला कुलदीपचा चेहरा फारसा पाठ नव्हता, पण पाठ मात्र तोंडपाठ होती. उजवा खांदा किंचित खाली. जर्सीच्या खिशाला घरी घातलेला टाका. थकला की तो डावं कोपर आत घ्यायचा. आठवडाभर डोळे मिटले की तिला ती पाठच दिसायची... आणि चहाच्या टपरीवर तो समोर बसला, की कुठे पाहावं हेच कळायचं नाही.

"तुमच्या घरी कोण कोण?" तिने एकदा विचारलं.

"चौदा माणसं. अंघोळीला नंबर लावतो आम्ही. एकटं राहायला मिळावं म्हणून सायकल घेतली मी."

"आणि मी बरोबर उलट."

"मग एकाचं तरी नुकसान होणारच," तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. नुकसान कोणाचं, ते त्याने सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने टिपून ठेवली होती. चढावर वेग इतका कमी होतो की मागे राहून काहीच वाचत नाही. तिथे प्रत्येकाने आपापल्या चालीने जायचं. कुलदीप तर तिच्यापेक्षा दणकट. तरी प्रत्येक चढावर तो तिच्या मागेच, हातभर अंतरावर. याला भौतिकशास्त्रात कारण नव्हतं. तिने बराच विचार करून पाहिला होता.

जानेवारीच्या एका शुक्रवारी पत्र आलं. पुण्याला बदली मंजूर. गेल्या उन्हाळ्यात, त्या सात शब्दांच्या रविवारनंतर, तिनेच अर्ज केला होता. सोमवारी होय किंवा नाही कळवायचं होतं. आई फोनवर रडलीच आनंदाने. रसिका "हो ना, छानच" म्हणाली, आणि रात्रभर पंख्याकडे बघत राहिली.

रविवारी अनंतगिरीला जायचं ठरलं होतं. विकाराबादपर्यंत पंच्याहत्तर किलोमीटर तिने काही सांगितलं नाही. टपरीवर तो म्हणाला, "आज इंजिन गप्प आहे."

"थंडी आहे."

"हौ का," म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर कपात घातली.

घाट सुरू झाला. ती पुढे, तो मागे. दोन्ही बाजूंना करडं, पानं गाळलेलं जंगल, आणि रस्ता वळणं घेत वर जाणारा. दुसऱ्या वळणावर एक बस भोंगा वाजवत दोघांना ओलांडून गेली. तिचा धूर विरला, सगळं शांत झालं, आणि रसिकाला वाटलं — आत्ता. समोरासमोर आपल्याला कधीच जमणार नाही. इथे चेहरा दिसत नाही. इथे जमेल.

"मला पुण्याची बदली मिळालीये," ती समोरच्या रस्त्याला म्हणाली.

पॅडल. पॅडल. श्वास.

"मीच मागितली होती. तेव्हा तू नव्हतास... म्हणजे, मला माहीत नव्हतं की कोणी असेल. उद्या उत्तर द्यायचंय." ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होती, तो शब्द तोंडात गरम लागला. "मला रविवारची सवय झाली असं नाहीये. सवय मोडता येते. मला... तू मागे असलास की मला मागे बघावंसं वाटत नाही, आणि तू नसलास की आठवडाभर मी मागेच बघत असते. तुला काही वाटत असेल तर सांग. जाऊ नको म्हण. नाहीतर जा म्हण. पण काहीतरी म्हण, कुलदीप."

तो काहीच म्हणाला नाही.

तिने पॅडल मोजायला सुरुवात केली. पन्नास. शंभर. माणूस शब्द शोधत असेल... दीडशे. दोनशेला तिने मोजणं सोडलं. बरोबर आहे. काही न बोलणं हेही उत्तरच असतं. उद्या 'होय' कळवायचं, सायकल विकून टाकायची. चढ संपेपर्यंत तिचे गाल ओले झाले होते, आणि घामाचं निमित्त सांगण्याइतकं ऊन नव्हतं.

माथ्यावर ती उतरली. बाहीने चेहरा पुसला. नीट, समजूतदार हसू चेहऱ्यावर बसवलं आणि वळली.

मागे रस्ता रिकामा होता. कठड्यावर एक वानर शेंगा सोलत बसलं होतं, तेवढंच.

तिला आधी हसू फुटलं. कोणी ऐकलंच नव्हतं! सगळं बोलणं त्या करड्या झाडांत विरून गेलं होतं. अजूनही ती मुकाट्याने पुण्याला जाऊ शकत होती. आणि दुसऱ्याच क्षणी ते हसू गळून पडलं. मग तो आहे कुठे? फोनला रेंज नव्हती. ती बस...

ज्या घाटात ती ब्रेकवरून बोट काढत नसे, तो घाट ती त्या दिवशी कशी उतरली, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. दुसऱ्या वळणाजवळ तो मैलाच्या दगडावर बसला होता. धडधाकट. हातात मागचं चाक.

"काच," तो म्हणाला. "टायरच चिरला, दोन बोटं. ट्यूब घालून बी चालणार नाही. हाका मारल्या मी तुम्हाला, पण नेमकी बस आली... काय झालं? रडलात काय?"

"मला वाटलं..." तिला धाप लागली होती. "काही नाही."

"फोनवर कोणाशी बोलत होता? इथून वरचं वळण दिसतं. तुमचं डोकं हलत होतं."

"इथे रेंज नाहीये."

"मग कोणाशी?"

रसिकाने सायकल झाडाला टेकवली. सुटायला अजून जागा होती. आई, वानर, गाणं — काहीही सांगता आलं असतं.

"तुझ्याशी," ती म्हणाली.

आणि मग त्याच्या डोळ्यांत बघत तिने ते पुन्हा सांगितलं. या वेळी फार लांबलं नाही. बदली मिळाली. उद्या कळवायचंय. जायचं नाहीये, कारण तू इथे आहेस. तीनच वाक्यं, पण प्रत्येक वाक्य त्या चढापेक्षा अवघड होतं. कारण समोर चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर काय काय होतंय ते दिसत होतं.

कुलदीपने चाक हळूच खाली ठेवलं.

"नक्को जाऊ," तो म्हणाला.

"कारण?"

"कारण बी पाहिजे?"

"मी सायन्सची आहे."

त्याने काळी झालेली बोटं जर्सीला पुसली. "मी सोमवारपासून टायरची हवा तपासतो. रोज. रविवार आला नाही अजून, ते माहीत असतं... तरी तपासतो. घरात सगळे हसतात. चौदा माणसांत बसून मला एकटं वाटायला लागलंय, रसिका. आधी कधी वाटलं नव्हतं. हे नुकसान तू केलंस."

"रोज तपासूनही टायर फुटलाच," ती कशीबशी म्हणाली.

"फुटला ना. लै चांगलं झालं."

विकाराबाद पाच किलोमीटर खाली होतं. चालतच जावं लागणार होतं. त्याने चाक बसवून सायकल उजव्या हाताला धरली, तिनेही नेहमीसारखी आपली उजव्या हाताला. दोघं चालायला लागली, पण तिची सायकल मधे येत होती. पन्नास पावलांवर ती थांबली, वळसा घालून सायकलच्या दुसऱ्या बाजूला आली आणि हँडल डाव्या हातात घेतलं. आता पोटरीला चेनचं काळं तेल लागत होतं. लागू दे, असं म्हणून तिने मोकळा हात दोघांच्या मधे सोडला.