करंगळीचं मोजमाप

तो जिन्याच्या पायथ्याशी उभा होता आणि स्वतःच्या बुटाकडे असा बघत होता, की आता बुटानेच काय ते करावं. उजव्या बुटाची नाडी सुटली होती. डावा हात बोटांपासून जवळजवळ कोपरापर्यंत स्प्लिंटमध्ये. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या कोटाच्या बाहीवरून पाणी ठिबकत होतं.

मला उशीर झाला होता. तरी थांबले.

"पाय पुढे करा."

"अहो, नको..."

"मग एका हाताने गाठ मारून दाखवा. मी बघते."

त्याने निमूट पाय पुढे केला. मी खाली बसून नाडी बांधली.

"आईनंतर तुम्हीच," तो म्हणाला.

"आईने शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं. पण तेव्हा दोन हात होते."

हसू दाबत मी जिना चढले. पांढरा कोट घालून माझ्या खोलीत बसते न बसते, तोच पहिला पेशंट आत आला – हाच.

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या हॉस्पिटलात तेव्हा तुटलेल्या कंडरांवर संशोधन चाललं होतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती तुटली की बोट दिसायला धडधाकट, पण वळायचं नाव घेत नाही. कंडरा शिवल्यावर काही पेशंटनी बोट लवकर हलवायचं, काहींनी उशिरा. शेवटी कुणाचं जास्त वळतं ते बघायचं होतं. मी फक्त मोजणारी. कोण कुठल्या गटातला, हे मला कळता कामा नये. कळलं की डोळे आपल्याला हवं तेच बघायला लागतात.

हे सगळं मी त्याला समजावलं.

"म्हणजे मी तुमच्यापासून काहीतरी लपवायचं? पहिल्याच भेटीत?"

"दुसऱ्या," माझ्या तोंडून निघून गेलं. "पहिली खाली झाली."

माझे कान गरम झाले. मी घाईघाईने कोनमापक शोधू लागले. तो माझ्या हातातच होता.

त्याचं फ्रेमचं दुकान होतं. काच कापताना ती निसटली आणि करंगळीत शिरली.

"पण एवढ्याशा करंगळीसाठी एवढी माणसं कामाला?" त्याने विचारलं.

"उजवी मूठ आवळा. घट्ट. आता करंगळी बाहेर काढून आवळा."

त्याने आवळली. चेहरा बदलला. "मुठीतला अर्धा जीवच गेला की हो."

दर आठवड्याला तो यायचा. मी स्प्लिंट काढायची, त्याचा हात उशीवर ठेवायची, बोट धरायची. हात खडबडीत, नखांच्या कडेला पॉलिशचे डाग, आणि शिवलेली करंगळी मात्र नव्यासारखी, गुलाबी. काम तसं थोड्या वेळाचं. पण त्याच्या गप्पा...

"काल एक बाई मुलाचा पहिला दात घेऊन आल्या. म्हणाल्या, फ्रेम करा."

"केलीत?"

"केली. दात दिसत नाही, फ्रेम झकास दिसते." मग जरा थांबून, "तुम्ही काय आणाल?"

"माझ्याकडे फ्रेम करण्यासारखं काही नाही."

"तुमच्याकडे आरसा नाही वाटतं," तो हळूच म्हणाला.

"बोट वळवा," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

घरी आई म्हणायची, "हल्ली मंगळवारी तू फार नीट केस विंचरून जातेस." मी म्हणायची, काहीतरीच तुझं. आई पुढे बोलायची नाही. तिचं ते न बोलणंच जास्त बोचायचं.

मग एका मंगळवारी मी त्याची करंगळी मोजली आणि खूश झाले. खूपच वळली होती. आकडा लिहायला पेन उचललं, आणि का कोण जाणे, पुन्हा मोजली. कमी भरली. तिसऱ्यांदा मोजली. तेवढीच कमी. पहिल्या वेळी मी कोनमापक जरा कलता धरला होता. मुद्दाम नाही... पण हात कलला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

खरा आकडा लिहिला, आणि तो गेल्यावर थेट आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, या पेशंटचं मोजमाप मला नको."

"का?"

"त्याचं बोट बरं व्हायला हवंय मला."

"सगळ्यांचंच व्हायला हवं, बाई."

"त्याचं जरा... जास्त."

मॅडमनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं. ओरडल्या नाहीत. दर मोजमापाचे फोटो होते. त्यांवरून दुसऱ्याने सगळे आकडे पुन्हा तपासायचे ठरले. पुढची मोजमापं ठोकळ्याकडे. ठोकळा म्हणजे माझा सहकारी. हसताना त्याला कुणी पाहिलेलं नाही, म्हणून हे नाव.

"आणि त्याचं शेवटचं मोजमाप होईपर्यंत भेटीगाठी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्यालाही काही सांगायचं नाही. कारण कळलं, तर तो तुझ्यासाठी बोट जास्त ताणेल. शिवण उसवेल."

पुढच्या मंगळवारी त्याने मला कॉरिडॉरमध्ये गाठलंच.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग तुमच्या जागी तो... माणूस?"

"आत्ता नाही सांगता येणार. तुमचं सगळं झालं की सांगेन."

"तोवर मी काय समजू?"

"काहीच समजू नका."

तो मान हलवून निघून गेला. त्यानंतर समोर आला की नुसतं, "नमस्कार." इतकं सभ्य, की त्यापेक्षा भांडला असता तर बरं. मी आकडे लिहीत राहिले, बाकीच्यांची बोटं मोजत राहिले. आईने एकदाच विचारलं, "मंगळवार संपले वाटतं?" आणि माझ्या ताटात न मागता अजून थोडा भात वाढला.

त्याच्या शेवटच्या मोजमापाच्या दिवशी ठोकळा माझ्या दारात आला.

"झालं त्याचं. बाहेर बाकावर बसलाय. मला विचारत होता, मी तुझा होणारा नवरा आहे का."

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मोजमाप चालू असताना बोलायचं नाही."

मी बाहेर गेले. तो खिडकीजवळच्या बाकावर होता. मी शेजारी बसले, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

"कसं आहे बोट?"

"पूर्ण मिटत नाही. आता एवढंच, म्हणाले." त्याने मूठ करून दाखवली. करंगळी तळहातापासून थोडी वरच थांबली. "पण काच धरता येते. सवय होईल."

इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं कुठे गेली कळेना.

"मला तुमचं बोट चुकीचं दिसायला लागलं होतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"होतं त्यापेक्षा बरं दिसायला लागलं. म्हणून... सोडलं मी."

बाहेर कुणीतरी छत्री झटकली. मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं.

"आणि मी समजलो, तुम्हाला कंटाळा आला. दुकानात किती चौकटी वाकड्या ठोकल्या मी, तुला माहितीये?"

"तुला?"

"चुकलो. तुम्हाला."

"नको," मी म्हणाले. "तेच राहू दे."

त्याने मधल्या जागेत हात ठेवला, तळवा वर करून. मी त्यावर माझा हात ठेवला. चार बोटं मिटली. पाचवी आपली, जमेल तेवढी.

"तूही म्हण मग," तो म्हणाला.

"काय?"

"तू."

"म्हणेन... सावकाश."

आतून पुढच्या पेशंटच्या नावाची हाक आली. तो पेशंट माझा होता. मी उठायला हवं होतं. ठोकळ्याने दारातून एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि त्या पेशंटला स्वतःच्या खोलीत घेऊन गेला.