काचेची सपाट बाजू

हे लिहिताना मी दार लावून बसले आहे. आईला दिसत नाही, पण तिचे कान तिखट आहेत. यातला एक शब्दही पदरचा नाही... असता तर मी रोज शांत झोपले असते.

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. जागा, आमच्या घराची मागची न्हाणी.

न्हाणी हाच माझा कारखाना. आठवडाभर ऑफिसात फायली सरकवायच्या आणि रविवारी जाड काचेवर कोरीवकाम करायचं, हे खूळ मला सहा वर्षांपासून आहे. हातात पेनाएवढं फिरतं यंत्र, टोकाला हिऱ्याची कणी. काच तापून तडकू नये म्हणून खिळ्याला सलाईनची नळी टांगून थेंब थेंब पाणी सोडते. आई म्हणायची, हिने घरात दातांचा दवाखाना उघडलाय.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण स्कूटरच्या अपघातात गेली. आईची नजर त्याच्या आधीच गेली होती.

यंदा आई म्हणाली, फोटो घेऊन मी काय करू? तिचा चेहरा हाताला लागेल असं काहीतरी करून दे.

म्हणून मी एका मोडक्या टीपॉयची बोटभर जाडीची काच आणली. चार रविवार घासत होते. केसांना रेघा ओढल्या, गालांना बारीक खरखरीत पोत दिला.

घासलेली काच ओली असली की आरपार दिसते. वाळली की दुधासारखी पांढरी होते.

त्या दुपारी सगळा चेहरा वाळून पांढरा झाला...

डाव्या गालावरचा एक पट्टा सोडून.

डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, तेवढाच ओला. मी फडक्याने पुसला. ड्रायर लावला. पुन्हा ओला.

धाकटीची जखम तिथेच होती.

दवाखान्यात मी एकटीच होते. आईला सांगितलं, चेहऱ्याला काही लागलं नाही, झोपल्यासारखी दिसतेय. तिला हात मात्र लावू दिला नाही. डॉक्टर नको म्हणतात, असं खोटंच सांगितलं.

आणि आणखी एक खोटं. स्कूटर धाकटी चालवत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

चालवत मी होते. माझं फक्त कोपर खरचटलं.

मी यंत्र बंद केलं, प्लग काढला. तेवढ्यात आतून आईची हाक आली, बंद कर गं ते, कान किटले माझे.

प्लग माझ्या हातात होता.

"बंदच आहे," मी म्हणाले.

आईने आतून विचारलं, "मग घासतंय कोण?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी घाईघाईने काच उलटी केली आणि कपाळावर हात मारून घेतला.

जाड काच मी नेहमी मागून कोरते. मागून जितकं खोल जावं तितका चेहरा पुढून उठून दिसतो. दिसतो फक्त. हात लावला तर पुढची बाजू पाटासारखी सपाट. सहा वर्षांच्या सवयीने, न दिसणाऱ्या आईसाठी मी डोळ्यांनी बघायचा चेहरा करून ठेवला होता.

तिला सांगणार, तोवर ती काठी टेकत दारात आलीच. स्टुलावर बसली आणि काच मांडीवर मागून घेतली. सपाट बाजू वर.

तिची बोटं काचेवर टेकली... थांबली...

मग चढली, उतरली, वळली. खाली खरंच काहीतरी असल्यासारखी.

"नाक अगदी तिचंच," आई म्हणाली आणि रडायला लागली. मग विचारलं, "पण डोळे मिटलेले का केलेस?"

मी डोळे उघडे कोरले होते.

तिच्या हाताशेजारी मी हळूच बोट लावलं. सपाट. गार.

आईची बोटं डाव्या गालावर आली आणि तिथून हलेनात.

"तू तर म्हणाली होतीस, चेहऱ्याला काही लागलं नव्हतं."

हात सटकला असेल माझा, म्हटलं.

तेव्हापासून काच तिच्या उशाशी असते. ती मला काचेला हात लावू देत नाही. मागे काचवाला खिडकीचं माप घ्यायला आला, त्याला मी आईच्या नकळत मुद्दाम दाखवली. त्याने वरून तळवा फिरवला आणि म्हणाला, सपाट आहे की, काय झालंय? मला बरं वाटायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणा हवं तर.

परवा आई सांगत होती, डोळे उघडले गं तिने.

आणि काल दुपारी... ती दोन बोटं काचेवर ठेवून कितीतरी वेळ बसली होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, ओठ हलतायत.

"काय म्हणतेय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"'ताई' एवढंच लागलं हाताला. पुढचं उद्या बघू."

मला ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

धाकटीने सांगायच्या आधी आपणच सांगून टाकावं, म्हणून आज सकाळपासून दोनदा आईच्या दाराशी जाऊन आले. दोन्ही वेळा आतून काच घासल्याचा आवाज येत होता. आता तो मलाही ऐकू येतो.

यंत्र माझ्या कपाटात आहे. आत्ताच उघडून बघितलं.