बिनआवाजाचा कॉम्प्युटर

कान-नाक-घसा विभागाबाहेर नर्सने पुन्हा नाव पुकारलं, तरी शेजारचा तरुण जागचा हलला नाही. शेवटी मिनलनेच त्याच्या खांद्याला हात लावला.

"बुद्धरत्न तुम्हीच का? आत बोलावतायत."

तो गडबडून उठला आणि मांडीवरचं छोटं खोकं तिच्या हातात दिलं. "एवढं सांभाळाल? कॉम्प्युटर आहे."

"एवढासा?" तो बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"टीव्हीमागे लपतो. सिनेमे बघायला लोक असाच बनवून घेतात... आवाज न करणारा."

मिनलने व्हीलचेअरवरच्या बाबांकडे पाहिलं. तिचे बाबा भिवा म्हणजे एकेकाळी सगळ्या गल्लीला हाक ऐकू जाणारा माणूस. घशाच्या कॅन्सरने त्यांचा आवाज कुजबुजीवर आणला होता, आणि आता करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी आजच सांगितलं होतं. दुपारभर ते जुने सिनेमे बघत. पण घरातला जुना कॉम्प्युटर असा घरघरायचा, की ते काय म्हणतात ते कुणाला कळेना. हल्ली त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

"आमच्यासाठी बनवाल?" ती म्हणाली. "पण... लवकर."

त्या 'लवकर'चा अर्थ त्याला कळला.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात राबून बुद्धरत्नचा डावा कान गेला होता, उजवा अर्धामुर्धा राहिला होता. आता तो रहाटणीत कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा.

"मग आवाज येतोय का, हे तुम्हाला कसं कळतं?" तो काळेवाडीला त्यांच्या घरी आला तेव्हा मिनलने विचारलं.

"थरथर हाताला कळते. आवाजाचं तुम्ही सांगायचं."

तिने कॅबिनेटला कान लावला. "डास गुणगुणल्यासारखं येतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटरमधला पंखाच काढून टाकला. आतली उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यात उतरेल, अशी बैठक करून आणली. मिनलने पुन्हा कान लावला. काहीसुद्धा आवाज नव्हता.

"अजून... येतोय थोडा," ती म्हणाली.

त्याने पत्र्यावर तळहात ठेवला. मग तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोलताय."

ती लाजली. "मग उद्या येणार नाही का?"

"सिनेमा बघायला येईन की."

पलंगावरून बाबा काहीतरी पुटपुटले. खोलीत इतकी शांतता होती, की मिनलला शब्द न् शब्द ऐकू आला आणि तिचे कान तापले.

"काय म्हणतायत?"

"चहा घेणार का, विचारतायत."

बुद्धरत्न बाबांच्या ओठांकडे बघत होता. "नाही, काका," तो म्हणाला, "अजून लग्न नाही झालं."

बाबा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि रुमालाला रक्त लागलं.

त्यानंतर बाबा पुन्हा बोलू लागले. सिनेमा चालू असताना आईशी, मिनलशी, कधी बुद्धरत्नशी. पुढे तेही थांबलं. एका दुपारी पडद्यावरची माणसं गप्प उभी होती, आणि कॉम्प्युटर इतका शांत होता, की बाबांचा श्वास थांबल्याचं मिनलला ऐकू आलं.

बाबांसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बुद्धरत्न खुर्च्या मांडत राहिला. नंतर येईनासा झाला. फोनही उचलेना. एका संध्याकाळी मात्र तो दारात उभा होता.

"दुसराही कान जाणार, मिनल. डॉक्टर म्हणाले." तो चौकटीला टेकला. "तू बोलशील आणि मी नुसता बघत बसेन. तुझ्या वाट्याला असलं घर नको."

मिनलला रडू फुटलं. तो वळणार, तोच तिने त्याची बाही धरली. डोळे पुसले, ओठ त्याला नीट दिसावेत म्हणून उजेडात सरकली.

"बघत बसलास तरी चालेल. करशील लग्न माझ्याशी?"

त्याने तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द वाचला.

"करीन," तो म्हणाला. आपला आवाज किती चढला, हे त्याला कळलं नाही.

आत झोपलेली आई दचकून उठली. "कोण गं?"

"कुणी परकं नाही, आई," मिनल म्हणाली. "बुद्धरत्न आहे."