तटस्थ मुलाचं मत

वर्गाच्या दारातून मी आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदमच घुसलो आणि पाठीवरच्या बॅगांसकट अडकलो. ना आत, ना बाहेर. समाजशास्त्राच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"सुटलात की प्रकल्पही एकत्रच करा. विषय – लग्नाआधी जोडप्यानं एकत्र राहावं का? लोकांची मतं घ्या, स्वतःचं देऊ नका. तटस्थ राहा."

त्यानं ते फारच मनावर घेतलं. कॅन्टीनमध्ये विचारलं, "चहा की कॉफी?" तर म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे." मी नवी ओढणी घेऊन विचारलं, "कशी दिसते?"

ओढणी नीट निरखून म्हणाला, "...निळी."

त्या 'निळी'वर मी दोन दिवस काढले. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. मग त्याला माझ्यासोबत फिरायला कारणच उरणार नव्हतं.

मतं घ्यायला मी आमचीच इमारत निवडली. शुद्ध मूर्खपणा. दारात एक मुलगा, एक मुलगी आणि वर हा प्रश्न... सगळ्यांना वाटलं, आम्ही परवानगी मागायला आलोय.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "मुलगा बरा आहे गं. पण उंची?"

"काकू, प्रश्न उंचीचा नाहीये."

"प्रश्न उंचीचाच असतो बाळा."

दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांच्याआधी खुर्चीतला पेशंटच उत्साहानं म्हणाला, "आँ!"

"हे हो की नाही?" मी कुजबुजले.

"'सांगता येत नाही'मध्ये घाल," तो गंभीरपणे म्हणाला.

शेवटचं घर आमचं. बातमी आमच्याआधी लिफ्टनं पोचली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून बसले होते. घरात.

"माझं मत नंतर," बाबा म्हणाले. "आधी तू सांग. ही तुला आवडते?"

"काका, संशोधकानं मत द्यायचं नसतं."

संपलं. सोमवार आजच आला.

त्यानं पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. कान लालभडक.

"आवडते, काका. ही हसली की मी प्रश्नच विसरतो. मघाशी डॉक्टरांना मी चक्क त्यांचा रक्तगट विचारला." त्यानं घाम पुसला. "सॉरी, पण आता तुमचं मत धरता येणार नाही. मी तुमच्यावर प्रभाव टाकलाय."

"प्रभाव?" बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कधी?"

"अहो," स्वयंपाकघरातून आई ओरडली, "तिला विचारलंय का कुणी?"

सगळे माझ्याकडे वळले. सर्वात शेवटी तो... घाबरत घाबरत.

"मी तटस्थ नव्हतेच," मी म्हणाले. "एक दिवससुद्धा नाही."

आणि तो हसला – दुसरी कुठलीही बाजू न मांडता.